ज्ञानूचा टायर

कडेगावच्या पेठेत आकारामचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे गावचे कारभारी आप्पासो यांच्या ओसरीला लागून पुढे काढलेलं एक पत्र्याचं छप्पर, त्याखाली हवा भरायचा पंप, पंक्चर बघायला पाण्याची घमेली आणि तासावर भाड्यानं द्यायच्या पाच सायकली. पण हात मोठा गुणी. चाक नुसतं बोटानं फिरवलं की आऊट, म्हणजे त्याचा वाकडेपणा, कुठं आहे ते आकाराम सांगायचा. विट्याच्या बाजारातून लोक सायकल हातानं ढकलत त्याच्याकडे आणत, कारण विट्यातला दुरुस्तीवाला स्पोक आवळायचा आणि आकाराम चाक सरळ करायचा.

हाच आकाराम सेहेचाळीस सालानंतर सायकलवर बसलेला कुणाला दिसला नाही. दुरुस्त झालेली सायकल तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "बसून बघा तुमीच." वांगीला जायचं असो नाही तर विट्याला, गडी आपला पायी. पेठेतल्या रिकामटेकड्यांना तेवढंच निमित्त. एक म्हणे, बायकोनं शपथ घातलीय. दुसरा म्हणे, मूळव्याध झालीय, सांगायला लाजतोय. आकाराम ऐकून घ्यायचा, खोडून काढायचा नाही. मूळव्याध परवडली असती, असं त्याच्या मनात येऊन जायचं.

दुकानात मागच्या भिंतीला एका खिळ्यावर एक टायर टांगलेला असे. चांगला, नक्षी न झिजलेला. लढाईमुळं रबर मिळेनासं झालेलं, माणसं टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा गेटर म्हणून घालून, वरून सुतळी गुंडाळून दिवस काढत होती. अशा दिवसांत नवा टायर भिंतीला टांगून ठेवायचा म्हणजे दुष्काळात तुपाची बरणी उघडी मांडून ठेवण्यासारखंच. लोक किंमत विचारत. आकाराम म्हणायचा, "त्यो माजा न्हाई."

तो ज्ञानूचा होता.

ज्ञानू खडकेवाडीचा. खडकेवाडी विट्याच्या पलीकडं पूर्वेला, माळावर. तिथं दगड सोडला तर काही आपणहून उगवत नाही. धनगराचं घर. दरसाल सुगी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन खाली उतरायची आणि शेतकऱ्यांच्या रानात रात्रीची बसवायची. रानाला लेंडीखत मिळायचं आणि त्याच्या बदल्यात धनगराला दाणे. आकारामच्या वडिलांच्या तुकड्यात ज्ञानूचीच मेंढरं बसायची. भावकीतली पोरं मेंढरं चारून आणेपर्यंत ज्ञानूला काम नसे, मग तो दुकानासमोर उकिडवा बसून चाकं बघायचा.

एक दिवस आकाराम म्हणाला, "नुसतं बघतूस काय? बस की."

"पडलो म्हंजी?"

"पडशील की. त्याशिवाय येती व्हय कुनाला?"

ज्ञानू आठ दिवस पडला, नवव्या दिवशी सरळ गेला, आणि थांबायचं कसं ते विचारायचं राहिल्यामुळं थेट आप्पासोंच्या कडब्याच्या गंजीत घुसला. गंजीतून बाहेर आला तो हसतच. त्या हसण्यावर आकाराम जडला म्हणायचं. मनुबाई, आकारामची बायको, चिडवायची, "माजी सवत आलीया बगा दारात." पुढं ज्ञानूनं लोकर विकून एक जुनी सायकल घेतली, तीही आकारामनंच सांधून दिली. मग वर्षात दोन महिने भेटणारे हे दोघे दर बाजाराला भेटू लागले.

पंचेचाळीस साली पावसानं पूर्वेकडं पाठ फिरवली. माळावर कुसळसुद्धा उभं राहिलं नाही. ज्ञानूच्या भावकीनं मेंढरं घेऊन लांब कोकणाची वाट धरली. ज्ञानूला जाता आलं नाही. त्याची आई हरणाबाई पडवीतून पडली होती आणि तिचं खुब्याचं हाड बसलं नव्हतं. तिला टाकून जायचं नाही आणि खांद्यावर घेऊन घाट उतरायचा नाही. तेव्हा चाळीस मेंढरं आणि आई, दोन्ही सांभाळत तो वाडीतच राहिला. बाभळीच्या शेंगा संपल्या, मग पाला संपला.

त्या माघात तासगावला काही मंडळींनी कमिटी काढली. तासगावहून औंधापर्यंत सायकलींची फेरी काढायची. वाटेतल्या प्रत्येक गावानं, जितके सायकलवाले गावातून पार होतील तितके भारे चारा द्यायचा. कडबा द्या, भुईमुगाचा पाला द्या, भुसकट द्या. सगळा औंधाला यमाईच्या डोंगराखाली गोळा करून दुष्काळी वाड्यांना पाठवायचा. कल्पना भली होती. पण कमिटीचे भाऊसो मास्तर माणसं ओळखून होते. इरेला पेटल्याशिवाय आपली माणसं पाच मैलांपुढं पायडल मारायची नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी त्यात मानाची मेख मारली. जो पहिला औंधाला पोचेल त्यानं एका गावाचं नाव घ्यायचं, आणि गाड्यांची पहिली खेप त्या गावाला. दुसरी खेप बैल परत आल्यावर, कमिटी ठरवील तशी. पहिला येणारा एखाद्या उपाशी वाडीचंच नाव घेईल, यात मास्तरांना शंका नव्हती.

मास्तरांचं एवढंच चुकलं.

फेरीच्या आदल्या दिवशी ज्ञानू दुकानात आला. त्याच्या खांद्यावर नवा टायर होता. त्याचा थोरला भाऊ नाथाजी पलटणीत होता, त्याच्या नावावर परमिट मिळालं होतं, आणि वर्षभर वाट बघून हा एक टायर हाती आला होता. आकारामला वाटलं, घालून घ्यायला आलाय. त्यानं ज्ञानूची सायकल उलटी केली, तर ज्ञानू म्हणाला, "माज्या न्हवं. तुज्या मागच्या चाकाला घाल."

"का रं?"

"मी सुटलो तर विट्यापातुर टिकंन. पुढचा चढ माज्यानं निगायचा न्हाई गड्या. तू तालमीतला. तुज्या टायरला तीन गेटर हायती, त्यो फुटला म्हंजी संपलं. माजा घाल, पुढं जा आनि खडकेवाडीचं नाव घे."

"आनि तुज्या चाकाला?"

"तुजा घाल की. मला काय, पोचायचंच हाय निस्तं. भारा मोजला जातूय माज्या नावानं बी."

आकारामनं टायर बदलला. बदलताना त्याचे हात एरवीपेक्षा सावकाश चालले. "घेतो नाव. यमाईची आन," तो म्हणाला. ज्ञानूनं आण मागितली नव्हती. त्याला ती लागतच नव्हती.

त्याच संध्याकाळी दोघे तासगावला मुक्कामाला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून चौदा सायकली सुटल्या. मिरवणूकच ती. गावोगावी बायका ओवाळत होत्या, हलगी कडकडत होती, आणि गावकरी सायकली मोजून भारे रचत होते. विट्यापर्यंत आकाराम आणि ज्ञानू जोडीनं आले. विट्यात चार गडी उसाचा रस प्यायला थांबले ते थांबलेच. कडेगावात तर आकारामला वाटलं, गाव आपल्याला उचलून घेतंय की काय. आप्पासो वेशीवर उभे होते. त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि ओरडले, "आकाराम, गावाचं नाव राख रं!" आकारामनं हात वर केला. त्याला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट अंगात बळ आलं.

पुसेसावळी मागं पडली आणि चढ लागला. पुढं एकच तासगावचा पैलवान होता, त्याच्या मागं आकाराम, त्याच्या मागं ज्ञानू. औंध चार मैलांवर राहिलं असेल तेव्हा मागं फाडकन आवाज झाला. आकारामनं वळून बघितलं. ज्ञानू रस्त्यावर उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकाची सुतळी लोंबत होती. आकारामचा तीन गेटरांचा टायर गेला होता.

आकारामचा पाय पायडलवरून खाली आला.

"थांबू नगंस!" ज्ञानू बोंब मारल्यासारखा ओरडला. "जा की! जा! मी येतो चालत!"

आकाराम गेला. कसा गेला ते त्याचं त्याला आठवत नाही. उतारावर पैलवान मागं पडला एवढं आठवतं, आणि खाली नवा टायर कसा जमीन धरून चालत होता ते आठवतं. औंधात यमाईच्या पायथ्याशी तो पहिला शिरला.

तिथं मांडव होता, त्यात बाकडी मांडून मंच केला होता आणि पलीकडं औंधानं आपल्या वाट्याच्या चाऱ्याचे ढीग लावले होते. कडेगावची मंडळी दोन बैलगाड्या करून आदल्या दिवशीच येऊन बसली होती. आकाराम सायकलवरून उतरला तो त्याला खाली पाय टेकूच दिला नाही. उचलूनच मंचावर नेला. भाऊसो मास्तर पुढं आले, पण त्यांच्या आधी आप्पासो आले, वेशीवरून निघून मोटारीनं ते कधीच पुढं पोचले होते. त्यांच्या हातात गुलाबी फेटा होता.

आता आमच्याकडची रीत अशी की कुस्ती असो, शर्यत असो, जिंकलेल्या गड्याला त्याच्या गावची मंडळी फेटा बांधतात, आणि तो फेटा त्या गड्याचा नसतो, गावाचा असतो. डोक्यावर तो असेपर्यंत माणूस गावाच्या वतीनं उभा असतो. आप्पासोंनी एकेक वेढा आवळून फेटा बांधला. तुरा नीट केला. ज्या ओसरीच्या आधारानं आकारामचं दुकान उभं होतं ती त्यांचीच, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. तेवढे हलके ते नव्हतेच. फक्त म्हणाले, "फेटा गावाचा हाय बरं का, आकाराम."

मास्तरांनी हात वर करून मांडव गप्प केला. "सांगा आकाराम, पहिली खेप कोणत्या गावाला?"

समोर कडेगाव बसलं होतं. अगदी पहिल्या ओळीत. ज्यांनी त्याला लहानाचा मोठा केला ती माणसं, ज्यांच्या दारात त्याला मरेपर्यंत राहायचं होतं ती. खडकेवाडीचं तिथं कुणीच नव्हतं. खडकेवाडी चार मैल मागं होती आणि फाटक्या टायरची सायकल ढकलत येत होती. गावाचा फेटा बांधून दुसऱ्या गावाचं नाव कसं घ्यायचं, हा प्रश्न आकारामला आदल्या दिवशी पडलाच नव्हता. मास्तरांनाही पडला नव्हता. घाम पुसायला हात वर गेला आणि फेट्याला लागला.

"कडेगाव," तो म्हणाला.

मांडव दणाणला. हलगी वाजली, गुलाल उडाला. मास्तर तेवढे जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. बोललेला शब्द परत घेता येतो, त्यासाठी नुसतं तोंड उघडावं लागतं. आकारामनं ते उघडलं नाही. त्याच्या तोंडात कुणीतरी पेढा घातला होता आणि तो चघळत होता. त्या पेढ्याची त्याला पुढं वर्षानुवर्षं शिसारी यायची.

ज्ञानू पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तोंड धुळीनं पांढरं, ओठ फुटलेले. सायकल भिंतीला टेकवून तो गर्दीतून घुसत आला, आकारामचा गुलालानं माखलेला चेहरा बघितला आणि त्याचं ते गंजीतलं हसू त्याच्या तोंडभर पसरलं.

"पैला आलास न्हवं? घेतलंस नाव?"

आकाराम तोंडावरचा गुलाल पुसू लागला. शेजारचा कुणीतरी उत्साहानं म्हणाला, "घेतलं तर! कडेगावचं!"

ज्ञानू आकारामकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यावरच्या फेट्याकडे बघितलं. हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. तो म्हणाला, "आसं व्हय," आणि वळला. आकाराम मागं धावला, म्हणाला, "ज्ञानू, टायर तरी घेऊन जा, काडून देतो." ज्ञानू थांबला नाही.

कडेगावला चाऱ्याचे सहा गाडे आले. विहिरींना अजून पाणी होतं, वैरण होती, गरज होती ती मानाची, आणि मान वाजतगाजत वेशीतून आत आला. वैरण देवळामागं पडून राहिली. ज्याला वाटलं त्यानं नेली, आप्पासोंच्या माजलेल्या बैलांनी तिच्यावर लोळण घेतली आणि अवकाळी आला तेव्हा उरलेली भिजून काळी पडली. आकाराम रोज तिकडून जायचा. रोज ती वैरण बघायचा. एकदा त्यानं आप्पासोंना म्हणूनही पाहिलं, "आप्पा, ह्यातलं दोन गाडं खडकेवाडीला धाडूया का?"

"मानाचं वाटून टाकतात व्हय रं?" आप्पासो म्हणाले. आणि आकाराम तिथंही गप्प बसला. एकदा गप्प बसायची सवय लागली की माणूस त्यात तरबेज होतो.

दुसरी खेप निघायला दीड महिना लागला. ती खडकेवाडीला पोचली तेव्हा ज्ञानूच्या चाळीस मेंढरांतली अकरा उरली होती.

ज्ञानू बाजाराला यायचा बंद झाला. दसरा आला तेव्हा आकारामला राहवेना. त्यानं टायर कधीच चाकावरून उतरवला होता. तो खांद्यावर टाकला, गुळाची एक ढेप घेतली आणि पहाटेच निघून वीस मैल चालत खडकेवाडी गाठली. वाटेत त्यानं मनाशी सगळं जुळवलं होतं. हरणाबाईच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगून टाकायचं. शिव्या देईल, देऊ दे.

हरणाबाई दारात बसली होती. मेंढरांचा वाडा मोकळा पडला होता, मागं राहिलेली अकराही गेली होती, लेंड्यांचासुद्धा वास उरला नव्हता. आकारामला ओळखताच म्हातारी भिंत धरून उठू लागली.

"आरं माज्या बाळा! ये, ये. ज्ञानूनं सांगितलंय समदं."

आकाराम तिच्या पायांशी वाकला. "काकू, मी..."

"तू भर मांडवात आमच्या वाडीचं नाव घेतलंस. कमिटीनं ऐकलं न्हाई, त्येला तू काय करशील? आपल्या गावाला सोडून धनगराच्या वाडीचं नाव कोन घेतं रं? तू घेतलंस." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. "मेंढरं गेली, जाऊ देत. देवानं दिली हुती, देवानं नेली. मानूस ऱ्हायला."

ज्ञानू मागं उभा होता. आकारामनं त्याच्याकडे बघितलं. ज्ञानूनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं आणि म्हणाला, "आये, त्येला ताक दे. लांबनं आलाय."

आकारामनं ताक निम्मंच पिऊन भांडं खाली ठेवलं. म्हातारी आत गेली आणि एक काळी घोंगडी घेऊन आली. मेंढरं होती तेव्हाच्या लोकरीची, शेवटची. तिनं ती स्वतःच्या हातानं आकारामच्या खांद्यावर घातली. औंधात फेटा बांधला तेव्हा आकारामला तो जड वाटला नव्हता. ही घोंगडी त्याला पेलवेना.

ज्ञानू त्याला वाडीच्या शिवेपर्यंत सोडायला आला. शिवेवर आकारामनं विचारलं, "का सांगितलंस आसं तिला?"

"मेंढरं गेल्याचं तिनं सोसलं," ज्ञानू म्हणाला. "तुजं सोसलं नसतं तिनं. माज्यासाठी न्हाई केलं मी, आनि तुज्यासाठी तर न्हाईच."

"मला शिव्या दे, ज्ञानू. मार पायजे तर."

"काय व्हनार त्येनं?" ज्ञानूनं टायर त्याच्या खांद्यावर तसाच राहू दिला. "सायकल मी इकली. त्यो तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. आनि आईक. आई हाय तवर दसऱ्याला येत जा. ती वाट बगंल. ती गेली की येऊ नगंस."

आकाराम आला. सत्तेचाळीसच्या दसऱ्याला आला, अठ्ठेचाळीसच्याही आला. दर वेळी पायीच. ज्ञानू जे चार मैल चालला होता त्यांची फेड अशी पायानं होत नाही, हे त्याला कळत होतं. पण सायकलवर टांग टाकायला गेला की मागून फाडकन आवाज ऐकू यायचा. दर वेळी म्हातारी त्याला दारात बसवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "ह्यो बगा, आमच्या वाडीचं नाव घेनारा." आकाराम मान खाली घालून ऐकायचा. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. माफी मागायचीसुद्धा वाट ज्ञानूनं बंद करून टाकली होती. म्हातारीला खरं सांगावं तर ज्ञानू आईपुढं खोटा पडत होता, आणि तेवढा एकच माणूस आकारामला पुन्हा पाडायचा नव्हता.

एकोणपन्नासच्या वैशाखात ऐन दुपारी आकाराम चाकाचा आऊट काढत बसला होता. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, डोकं मुंडलेलं. आकारामला क्षणभर ओळख पटली नाही.

"आई गेली," ज्ञानू म्हणाला. "तेरावा झाला काल. तिनं सांगितलं हुतं, आकारामला निरोप दे. म्हनून आलो."

आकाराम उठला. हाताचं वंगण धोतराला पुसत राहिला. "बस. पानी घे."

"नगं."

आकारामनं घाईघाईनं भिंतीवरचा टायर काढला आणि पुढं धरला. ज्ञानूनं तो हातात घेतला. अंगठ्यानं दाबून बघितला, तो सायकल शिकत होता तेव्हा आकारामनंच शिकवल्याप्रमाणं. रबर अजून चांगलं होतं. त्यानं तो बाकड्यावर नीट ठेवला.

"निरोप पोचला," तो म्हणाला. "येतो बी म्हनत न्हाई."

आणि तो विट्याच्या रस्त्याला लागला. ऊन मी म्हणत होतं. वीस मैल जायचं होतं. आकारामच्या पाठीशी भाड्याच्या पाच सायकली ओळीनं उभ्या होत्या, पाचही चाकांत हवा टंच. एक घेऊन जा रं, एवढीच हाक मारायची होती. ज्ञानू आप्पासोंच्या गंजीपाशी पोचला, वळला आणि दिसेनासा झाला, तरी आकारामच्या तोंडातून त्याचं नाव निघालं नाही.